श्राव्यातीत ध्वनी आणि सूक्ष्मवाहिन्या: स्फटिकीकरण व रासायनिक प्रक्रियांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थी, तसेच औषधांच्या कारखान्यांत स्फटिकीकरणाचे काम प्रत्यक्ष सांभाळणारे तंत्रज्ञ यांना समोर ठेवून हे पान लिहिले आहे. उत्तरे शक्य तिथे आकड्यांसह दिली आहेत, कारण या विषयात आकडा हाताशी नसला की चर्चा लगेच हवेत जाते.

स्फटिकीकरणात असे काय अवघड आहे, की त्यासाठी ध्वनी आणि इतक्या बारीक नळ्या लागाव्यात?

लोणी कढवून केलेले तूप हे स्फटिकीकरणाचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे. तूप ओट्यावर सावकाश निवू दिले, तर कणीदार होते. तेच घाईने फ्रिजमध्ये ठेवले, तर गुळगुळीत घट्ट गोळा होतो. पदार्थ तोच आणि भांडेही तेच असते. एकाच वेळी किती कण धरू लागले आणि त्यांना वाढायला किती अवधी मिळाला, यावर सगळे ठरते.

औषधाच्या कारखान्यात हा फरक महागात पडतो. स्फटिक फार बारीक झाले, तर गाळणीतून द्रव उतरता उतरत नाही आणि ओला लगदा वाळवणे लांबते. ते फार मोठे झाले, तर कमी विद्राव्य औषध पोटात सावकाश विरघळते. लहानमोठे एकत्र आले, तर भुकटी साच्यात सारखी उतरत नाही आणि गोळ्यांच्या वजनात फरक पडतो. काही हजार लिटरच्या टाकीत भिंतीपाशी द्रावण गार असते, मध्यभागी गरम असते आणि ढवळणीच्या पात्याजवळची परिस्थिती आणखी वेगळी असते. त्यामुळे काही स्फटिक आधी जन्मतात, काही तासाभराने, आणि आधी जन्मलेल्यांच्या तुटक्या कडांपासून आणखी नवे जन्मतात. स्फटिक केव्हा आणि कुठे जन्मावा, हे आपल्या हाती यावे, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

श्राव्यातीत ध्वनी द्रवात नेमके काय करतो?

सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी माणसाला ऐकू येत नाही; त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. असा ध्वनी पुरेशा जोराने द्रवात सोडला, की द्रव आळीपाळीने दाबला व ताणला जातो. ताणाच्या क्षणी द्रवात आधीपासून असलेल्या सूक्ष्म वायुकणांचे बुडबुडे होतात, ते काही आवर्तनांत फुगतात आणि मग एकाएकी आत कोसळतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा कोसळताना किती दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले होते, आणि त्यामागचे निमित्त रसायनशास्त्र नसून जहाजांच्या पंख्यांची होणारी झीज हे होते.

कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या आत क्षणभर सुमारे ५,००० केल्विन तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब निर्माण होतो. मात्र ती जागा इतकी लहान आणि तो क्षण इतका अल्प असतो, की बाहेरचा द्रव जवळपास आहे तसाच गार राहतो. शिवाय बुडबुडा भिंतीजवळ किंवा स्फटिकाजवळ कोसळला, तर द्रवाची बारीक पिचकारी त्या पृष्ठभागावर आदळते, आणि कोसळण्यातून निघालेला आघाततरंग आसपासच्या कणांना फोडतो.

दवाखान्यात सोनोग्राफी करतात, तो ध्वनी हाच का?

जात एक, काम वेगळे. सोनोग्राफीत काही मेगाहर्ट्झ वारंवारतेचे अल्प शक्तीचे स्पंद पाठवून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात आणि शरीरात बुडबुडे होऊ नयेत याची काळजी घेतात. रासायनिक प्रक्रियांत बहुधा २० ते १०० किलोहर्ट्झची जोरकस कंपने वापरतात आणि तिथे बुडबुडे हवेच असतात.

सूक्ष्मवाहिनी म्हणजे केवढी, आणि तिच्यात द्रव वेगळा का वागतो?

साधारणपणे १ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नळीला किंवा काचेत कोरलेल्या खाचेला या क्षेत्रात सूक्ष्मवाहिनी म्हणतात. अर्धा मिलिमीटर व्यासाची नळी घ्या आणि तिच्यातून मिनिटाला १ मिलिलिटर पाणी सोडा. पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे साडेआठ सेंटिमीटर येतो आणि रेनॉल्ड्स क्रमांक, म्हणजे प्रवाह शिस्तीचा की खळबळीचा हे सांगणारी संख्या, सुमारे ४२ येतो. नळीतला प्रवाह प्रक्षुब्ध व्हायला हा क्रमांक २,००० च्या पुढे जावा लागतो. म्हणजे इथे भोवरे नाहीत, उसळणे नाही. दोन रंगांचे प्रवाह शेजारी सोडले, तर ते एकमेकांना चिकटून दोन रेघांसारखे वाहत राहतात.

मिसळण्याचे काम मग एकट्या विसरणावर, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यावर, येऊन पडते. पाण्यातल्या लहान रेणूला त्या नळीच्या कडेपासून मध्यापर्यंत पाव मिलिमीटर अंतर विसरणाने कापायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतात, आणि तेवढ्या वेळात द्रव नळीतून अडीच मीटरपेक्षा पुढे गेलेला असतो. सूक्ष्मवाहिन्यांत मिश्रण फार वेगाने होते, असे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच पटत नाही. वाहिनी दहापट अरुंद केली, तर विसरणाचा वेळ शंभरपट घटतो हे खरे. पण अर्धा किंवा एक मिलिमीटरच्या नळीत ढवळण्याला काहीतरी मदत लागतेच.

उष्णतेच्या बाबतीत मात्र ही नळी निर्विवाद सरस ठरते. तिच्यात दर घनमीटर द्रवामागे ८,००० चौरस मीटर भिंत मिळते, तर एक मीटर व्यासाच्या, तेवढ्याच उंचीच्या टाकीत जेमतेम ५ चौरस मीटर. त्यामुळे तापमान ठरवू तिथे, ठरवू तेव्हा बदलता येते.

या दोन गोष्टींची सांगड कशासाठी घालायची?

कारण एकीची उणीव दुसरी भरून काढते. सूक्ष्मवाहिनीतला प्रवाह शिस्तीचा असतो, पण तिथे मिश्रण मंद होते आणि घन पदार्थ तयार झाला की वाट अडते. ध्वनी मिश्रण घडवतो आणि कण सुटे ठेवतो, पण मोठ्या पात्रात तो सगळीकडे सारखा पोहोचत नाही. कंप पावणारी दांडी पाण्यात बुडवली, तर खरी उलाढाल तिच्या टोकापासून काही सेंटिमीटरच्या आतच होते, कारण तिथला बुडबुड्यांचा ढगच पुढे जाणारा ध्वनी शोषून घेतो. पलीकडचे द्रावण कोरडेच राहते. नळीत मात्र द्रवाचा प्रत्येक भाग त्याच ठिकाणाहून, तेवढाच वेळ, तेवढाच ध्वनी सोसून पुढे जातो. माझ्या मते ही समानताच या पद्धतीची खरी कमाई आहे. वेग आणि काटकसर हे तिचे दुय्यम फायदे आहेत.

ध्वनीमुळे स्फटिक लवकर का जन्मतो?

उदाहरण पॅरासिटॉमॉलचे घेऊ. १ किलो पाण्यात ३० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम आणि २० अंशांना सुमारे १३ ग्रॅम पॅरासिटॉमॉल विरघळते. ३० अंशांना संपृक्त केलेले स्वच्छ द्रावण २० अंशांवर आणले, तर जास्तीचे ४ ग्रॅम बाहेर पडायला हवेत. प्रत्यक्षात द्रावण बराच वेळ नितळ राहू शकते. नवा स्फटिक सुरू व्हायचा तर पुरेसे रेणू योग्य मांडणीत एकत्र यावे लागतात, आणि ते एका ठरावीक आकारापर्यंत पोहोचण्याआधी पुन्हा विखुरतात. द्रावण अतिसंपृक्त आहे, तरी आपण होऊन स्फटिक टाकत नाही, अशा तापमानाच्या पट्ट्याला अर्धस्थिर पट्टा म्हणतात. तो किती रुंद असेल, याचा भरवसा नसतो. धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, ढवळण्याचा वेग अशा कशानेही तो बदलतो.

ध्वनी सुरू केला, की हा पट्टा अरुंद होतो आणि वाट पाहण्याचा कालावधी घटतो, हे अनेक पदार्थांबाबत पुन्हा पुन्हा दिसले आहे. एका बाजूला साधे द्रावण आणि दुसऱ्या बाजूला ध्वनी दिलेले द्रावण अशा दोन कुप्या शेजारी ठेवून पाहिल्यास फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो: ध्वनीच्या कुपीत आधी धुरकट रेघा उठतात, मग संपूर्ण द्रावण दुधाळ होते, आणि शेजारची कुपी तेव्हाही स्वच्छ असते.

कारणाबाबत मात्र संशोधकांचे एकमत नाही. बुडबुडा कोसळताना वाढणारा दाब, कोसळल्यानंतर होणारे अतिवेगवान थंड होणे, बुडबुड्याच्या पृष्ठभागावर द्रावक उडून वाढणारी संहती, आणि नुसते जोरदार मिसळणे, अशी चार स्पष्टीकरणे दिली जातात. पदार्थ आणि परिस्थिती बदलली की त्यांचा वाटाही बदलत असावा, असे मानणे मला सुरक्षित वाटते.

बाहेरून स्फटिकबीज टाकण्यापेक्षा यात वेगळे काय?

बीज टाकणे ही जुनी, भरवशाची रीत आहे. साखर कारखान्यात पॅनमध्ये रस योग्य दाटपणाला आला, की बारीक दळलेल्या साखरेची स्लरी सोडतात आणि त्याच कणांवर दाणा वाढवतात. पण निर्जंतुक औषधात बाहेरचे काही टाकणे म्हणजे जंतुसंसर्गाची एक वाट उघडणे. शिवाय सतत वाहत्या नळीत ठरावीक प्रमाणात बीज सोडत राहणे त्रासाचे असते, कारण बीजाची स्लरी पंपात आणि जोडांत बसते. ध्वनीला द्रवात काही मिसळावे लागत नाही आणि बटण बंद केले, की तो थांबतो.

घन पदार्थ तयार होताना नळी तुंबते. ध्वनी ते खरोखर थांबवतो का?

हाच प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि तो येणे रास्त आहे, कारण सूक्ष्मवाहिन्यांचे बहुतेक प्रयोग इथेच फसतात. मी स्वतः सुरुवातीला बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट यांची द्रावणे टी-आकाराच्या जोडात एकत्र आणली होती. तिसऱ्या मिनिटाला जोडाच्या पुढे दोन सेंटिमीटरवर नळीच्या आत एक पांढरी रेघ धरली. ती खालच्या अंगाला होती आणि प्रवाह तिच्यावरून वाहत होता, म्हणून मी प्रयोग चालू ठेवला. रेघ जाड होत गेली, दाबमापकाचा काटा आधी सावकाश आणि मग भराभर चढला, सिरिंज पंपाचा आवाज बदलला, आणि जोडाची फेरूल (नळी घट्ट धरणारी कडी) निसटून पांढरे पाणी टेबलभर उडाले. नंतर कितीही दाब दिला तरी ती नळी मोकळी झाली नाही; कापून फेकून द्यावी लागली.

तुंबण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्यात एकमेकांना चिकटलेल्या कणांचे गठ्ठे नळीत आडवे अडकून कमान धरतात. दुसऱ्यात पदार्थ भिंतीवर थराथराने बसत जातो आणि वाट अरुंद होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्लाव्स जेन्सन यांच्या गटाने पॅलॅडियम उत्प्रेरकाने घडवलेल्या कार्बन-नायट्रोजन जोडणीच्या अभिक्रियेत हे दोन्ही प्रकार वेगळे करून दाखवले. त्या अभिक्रियेत उपपदार्थ म्हणून अकार्बनी क्षार तयार होतो आणि तो सेंद्रिय द्रावकात विरघळत नाही. ध्वनीने गठ्ठे फुटून पहिला प्रकार आटोक्यात आला, तर भिंतीवरच्या थरासाठी प्रवाहाचा वेग वाढवणे उपयोगी पडले. पुढे २०११ मध्ये त्याच संस्थेतील सायमन कून आणि सहकाऱ्यांनी टेफ्लॉनच्या थरांमध्ये पिझोविद्युत (वीज दिली की कंप पावणारी) चकती बसवलेली अभिक्रियानलिका प्रसिद्ध केली. तिथे ध्वनी कंप पावणाऱ्या पाण्याच्या टबातून न येता थेट नलिकेलाच मिळत होता. कून यांचे बेल्जियममधील ल्युवेन विद्यापीठातले पुढचे कामही याच दिशेने गेले आहे.

थोडक्यात उत्तर असे: गठ्ठ्यांवर ध्वनी प्रभावी आहे, भिंतीवर वाढणाऱ्या स्फटिकांवर तो एकट्याने पुरत नाही. नळीचा पदार्थ, भिंतीचे तापमान आणि वेग यांचाही विचार करावाच लागतो. भिंत द्रावणापेक्षा गार असली, की स्फटिक आधी भिंतीवरच धरतात.

द्रावणाचे थेंब करून त्यांत स्फटिक वाढवतात, ते कशासाठी?

नळीत द्रावणाबरोबर त्यात न मिसळणारे तेल किंवा वायू सोडला, तर द्रावणाचे एकामागोमाग एक सारख्या लांबीचे थेंब होतात. नळीची भिंत तेलाने ओली राहणारी असली, तर थेंबाभोवती तेलाचा पातळ थर राहतो आणि आतले स्फटिक भिंतीला शिवत नाहीत. थेंब पुढे सरकताना त्याच्या आतले द्रव सतत गोल फिरत असते, म्हणून मिश्रणही सुधारते. प्रत्येक थेंब जणू एक स्वतंत्र छोटे भांडे होते आणि नळीत सगळ्या थेंबांना जवळपास सारखा वेळ मिळतो. साध्या प्रवाहात मधला द्रव पुढे पळतो आणि कडेचा रेंगाळतो. तो दोष इथे उरत नाही.

अडचण एकच, पण मोठी आहे. थेंब इतका लहान असतो, की त्यात स्फटिक आपण होऊन जन्मण्याची शक्यता फार कमी असते. काही थेंब भरतात आणि बरेच रिकामेच बाहेर पडतात. ध्वनी इथे नेमका कामाला येतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील गटाने २०१५ मध्ये ॲडिपिक आम्लाच्या द्रावणाचे थेंब वाहत असताना नळीच्या ठरावीक भागात ध्वनी देऊन सतत स्फटिकीकरण घडवले. जन्म ध्वनीच्या भागात आणि वाढ पुढच्या शांत भागात, अशी कामांची वाटणी या मांडणीत करता येते, आणि मोठ्या टाकीत नेमकी हीच वाटणी जमत नाही.

वारंवारता किती ठेवावी?

आधी हवे काय, ते ठरवावे. २० ते ४० किलोहर्ट्झला बुडबुडे मोठे होतात आणि जोरात कोसळतात. मिसळणे, गठ्ठे फोडणे आणि स्फटिक जन्माला घालणे यांसाठी हा पट्टा योग्य आहे. २० किलोहर्ट्झला पाण्यातल्या बुडबुड्याची अनुनादी त्रिज्या (ज्या आकाराला तो ध्वनीबरोबर सर्वाधिक जोराने कंप पावतो ती) सुमारे ०.१५ मिलिमीटर, म्हणजे व्यास ०.३ मिलिमीटर असतो. अर्धा मिलिमीटरच्या नळीत असा बुडबुडा अर्ध्याहून अधिक रुंदी व्यापतो आणि त्याहून बारीक वाहिनीत तो मोकळेपणी फुगूच शकत नाही. बीकरमधले अनुभव जसेच्या तसे सूक्ष्मवाहिनीला लागू पडत नाहीत, याचे हे एक ठोस कारण आहे.

मेगाहर्ट्झच्या आसपास वेगळेच दृश्य दिसते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दीड मिलिमीटर येते आणि पाऊण मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत तरंगाचा नेमका अर्धा भाग बसतो. दोन भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो, त्याचा दाबाचा निस्पंद (जिथे दाब वरखाली होत नाही ती जागा) बरोबर मध्यावर येतो, आणि पाण्यापेक्षा जड व कठीण असलेले कण भिंती सोडून मध्यरेषेवर गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना सगळीकडे पसरलेला धुरळा काही क्षणांत एका बारीक रेघेत ओढला जातो. कणांना भिंतीपासून दूर ठेवण्याचा हा फार सौम्य मार्ग आहे. मात्र ढकलणारे बल कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असते आणि द्रवाचा विरोध त्रिज्येच्या प्रमाणात, म्हणून साधारण एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कण या बलाला दाद देत नाहीत. ध्वनीमुळेच द्रवात उठणारे संथ भोवरे त्यांना फिरवत राहतात.

स्फटिकीकरणाखेरीज इतर रासायनिक प्रक्रियांत याचा उपयोग होतो का?

होतो, आणि रसायनशास्त्रात ध्वनीचा प्रवेश मुळात तिथूनच झाला. विल्यम रिचर्ड्स आणि आल्फ्रेड लूमिस यांनी १९२७ मध्ये उच्च वारंवारतेच्या ध्वनीचे रासायनिक परिणाम प्रसिद्ध केले. कोसळत्या बुडबुड्याच्या आत पाण्याची वाफ तुटून हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ती सेंद्रिय प्रदूषकांचे ऑक्सिडीकरण करतात. यासाठी काही शे किलोहर्ट्झची वारंवारता २० किलोहर्ट्झपेक्षा सहसा अधिक उपयोगी ठरते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात डेव्हिड फर्नांडेझ रिव्हास आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे कोरून त्यांत हवा अडकवली, जेणेकरून बुडबुडे मर्जीने कुठेही न उठता त्या खड्ड्यांतूनच उठावेत. बुडबुड्यांची जागा ठरवता येते, हे त्या कामाचे मोल.

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव वापरून केलेल्या निष्कर्षणात, वायू आणि द्रव यांच्या अभिक्रियांत, तसेच पायसे (इमल्शन) तयार करण्यातही ध्वनीने संपर्काचा पृष्ठभाग वाढतो. जी अभिक्रिया मुळातच संथ आहे आणि मिश्रणामुळे अडलेली नाही, तिला मात्र ध्वनीने फारसा फायदा होत नाही. हे आधी तपासावे, मग यंत्र विकत घ्यावे.

ध्वनीने स्फटिकाचे रूप, म्हणजे बहुरूपता, ठरवता येते का?

एकच रेणू वेगवेगळ्या मांडणीत रचला जाऊन वेगवेगळे स्फटिक देऊ शकतो आणि त्यांची विद्राव्यता वेगळी असते. याचे गांभीर्य रिटोनाविर या एचआयव्हीविरोधी औषधाने दाखवून दिले. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या या औषधाच्या कॅप्सूलमध्ये १९९८ मध्ये अधिक स्थिर आणि फार कमी विद्राव्य असे दुसरे रूप अवतरले आणि त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रुग्णांना औषध मिळत राहावे म्हणून द्रवरूपाचा आधार घ्यावा लागला.

ध्वनीमुळे कमी अतिसंपृक्ततेला स्फटिक जन्मू शकतो, आणि जन्माच्या वेळची अतिसंपृक्तता रूपाच्या निवडीवर परिणाम करते. त्या अर्थाने ध्वनी मदत करतो. पण एखादे रूप हमखास मिळेल, असे आश्वासन कोणी देत असेल, तर क्ष-किरण विवर्तनाचे आलेख मागून घ्यावेत, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांचे.

यंत्रावर ५० वॅट लिहिले आहे, म्हणजे द्रवाला ५० वॅट मिळतात का?

मिळत नाहीत. विजेची बरीच शक्ती पिझोविद्युत चकतीत, चिकटवलेल्या थरात आणि धातूत उष्णता होऊन जाते. द्रवापर्यंत किती पोहोचली, हे उष्णतामापनाने काढावे. उष्णतारोधक भांड्यात १०० ग्रॅम पाणी घ्या, दांडी बुडवा, दोन मिनिटे यंत्र चालवा आणि तापमान नोंदवा. ३ अंश वाढ झाली, तर १०० गुणिले ४.१८ गुणिले ३ भागिले १२०, म्हणजे सुमारे साडेदहा वॅट द्रवात उतरले. अहवालात हा आकडा द्यावा. केवळ यंत्राच्या पाटीवरचा आकडा दिला, तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही, आणि या क्षेत्रातले कितीतरी निबंध या एका उणिवेमुळे निरुपयोगी होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टबात ध्वनी कुठे जास्त आहे, हे पाहायला ॲल्युमिनियमची पातळ फॉइल पुरते. ती ताणून टबात उभी धरा आणि अर्ध्या मिनिटाने उजेडासमोर पाहा. काही पट्ट्यांत ती सुईने टोचल्यासारखी छिद्रांनी भरलेली असते आणि मधल्या पट्ट्यांत कोरी. नळी त्या कोऱ्या पट्ट्यात ठेवली असेल, तर प्रयोग फसला यात ध्वनीचा दोष नाही. रासायनिक परिणाम मोजायचा असेल, तर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात आयोडीन किती सुटले, ते मोजण्याची पद्धत प्रचलित आहे.

नळी कोणत्या पदार्थाची घ्यावी?

काच आणि सिलिकॉन ध्वनी चांगला वाहतात आणि बहुतेक द्रावकांना टिकतात, पण महाग पडतात. पीएफए किंवा पीटीएफई या टेफ्लॉन जातीच्या प्लास्टिकची नळी स्वस्त, रसायनांना टिकणारी आणि तुंबली तर बदलता येणारी आहे. मऊपणामुळे ती ध्वनीचा काही भाग शोषते. जीवशास्त्रात लोकप्रिय असलेले पीडीएमएस (एक सिलिकोन रबर) सेंद्रिय द्रावकांसाठी वापरू नये, कारण टोल्यूइन किंवा हेक्झेन लागताच ते फुगते.

अशा नळ्यांतून कारखान्यापुरते उत्पादन निघू शकते का?

मिनिटाला १ मिलिलिटर म्हणजे दिवसाला १.४४ लिटर. लिटरमागे १०० ग्रॅम स्फटिक मिळाले, तर एका नळीतून दिवसाला १४४ ग्रॅम. अत्यल्प मात्रेत लागणाऱ्या औषधासाठी हा आकडा नगण्य नाही. याउलट, दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात रोज सुमारे ५०० टन साखर निघते; तिथे सूक्ष्मवाहिन्यांचा विचार करण्यातही अर्थ नाही.

उत्पादन वाढवायचे, तर समांतर नळ्या लावतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दहांपैकी एक नळी किंचित अडली, की तिचा प्रवाह उरलेल्या नऊ नळ्यांत वळतो, अडलेल्या नळीत वेग घटतो आणि ती आणखी वेगाने तुंबते. शिवाय प्रत्येक नळीला सारखा ध्वनी मिळावा लागतो. म्हणून सध्या एक ते काही मिलिमीटर व्यासाच्या थोड्या मोठ्या नळ्या आणि प्रत्येकीवर स्वतंत्र दाबमापक, हा मधला मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. औषधांच्या सतत उत्पादनासाठी आयसीएच क्यू-१३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारली गेल्यामुळे नियामकांपुढे हा विषय मांडणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

महाराष्ट्रात या विषयावर काम होते का?

होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेल्या आणि जुन्या लोकांच्या तोंडी आजही यूडीसीटी असलेल्या संस्थेत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यात ध्वनीऐवजी छिद्राच्या तबकडीतून द्रव वेगाने सोडून बुडबुडे निर्माण करण्याच्या पद्धतीवर विशेष भर आहे. मोठ्या प्रवाहांना ती स्वस्त पडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांच्या गटाने सूक्ष्म अभिक्रियानलिका आणि सतत प्रवाहातील संश्लेषण यांवर काम केले असून, चांदीच्या नॅनोतारा सतत प्रवाहात तयार करणे हे त्यातले एक. २०२० सालचा अभियांत्रिकीतील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. पदव्युत्तर अभ्यासासाठी दूर जाण्याआधी विद्यार्थ्यांनी या दोन्ही ठिकाणांचे शोधनिबंध जरूर वाचावेत.

सुरक्षिततेची कोणती काळजी घ्यावी?

२० किलोहर्ट्झची दांडी चालू असताना निम्म्या वारंवारतेचा कर्कश आवाज ऐकू येतो आणि तो कानांना अपाय करतो. आवाजरोधक पेटी आणि कानांचे संरक्षण दोन्ही वापरावे. ज्वलनशील द्रावकाचे तापमान ध्वनीने चढते, म्हणून शीतकरण बंद पडल्यास वीज आपोआप तुटेल अशी जोडणी हवी. टायटॅनियमच्या दांडीचे टोक बुडबुड्यांनी झिजते आणि धातूचे सूक्ष्म कण उत्पादनात उतरतात. औषधासाठी हे चालत नाही. म्हणून नळीच्या बाहेरून ध्वनी देणारी मांडणी या कामात श्रेयस्कर आहे.

पहिला प्रयोग कसा मांडावा?

पदार्थ म्हणून पॅरासिटॉमॉल किंवा ॲडिपिक आम्ल आणि द्रावक म्हणून पाणी घ्यावे, म्हणजे विषारी वा ज्वलनशील काही हाताळावे लागत नाही. द्रावण विद्राव्यतेच्या तापमानापेक्षा ५ ते १० अंश अधिक गरम करून गाळावे, आणि सिरिंजपासून नळीच्या तोंडापर्यंतचा मार्ग तापवलेला ठेवावा; बहुतेकांचे पहिले तुंबणे नळीत न होता सिरिंजच्या तोंडाशी, गार जोडात होते. एक मिलिमीटरची पारदर्शक पीएफए नळी ध्वनीच्या टबात, फॉइलने शोधलेल्या पट्ट्यात बसवावी आणि टबाचे पाणी शीतकरणाच्या नळीने स्थिर तापमानाला राखावे. टबापुढचा नळीचा भाग शांत आणि स्थिर तापमानाचा असावा.

पहिल्या दिवशी ध्वनी न देता, दुसऱ्या दिवशी ध्वनी देऊन, बाकी सारे तेच ठेवून प्रयोग करावा, आणि दर मिनिटाला दाब लिहून ठेवावा. बाहेर पडलेला नमुना लगेच गाळावा, कारण भांड्यात साचलेल्या द्रावणात स्फटिक वाढतच राहतात आणि मोजमाप नळीचे न राहता भांड्याचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली किमान शंभर स्फटिकांची लांबी मोजावी. दाब वाढू लागला, तर काटा धावू लागण्याची वाट न पाहता पंप थांबवून नळीत गरम निव्वळ द्रावक सोडावा. पांढरी रेघ बारीक असेपर्यंत ती विरघळते.